हाताला घावतं

तळेगाव दाभाडे,
रविवार, सकाळी अकरा

प्रिय श्रीयश,

'प्रिय' लिहिलं आणि हात थांबला. आज हा शब्द तुला द्यावा की नाही, याचा विचार चहा गार होईपर्यंत केला. शेवटी राहू दिला, कारण एकोणचाळीस वर्षांची सवय आहे आणि पहिल्याच ओळीत खाडाखोड बरी दिसत नाही. फोन मुद्दामच करत नाही. फोनवर मी आवाज चढवते, तू 'आई, नेटवर्क जातंय' म्हणतोस, आणि नेटवर्क नेमकं माझ्या प्रश्नापाशी जातं. म्हणून हाताने लिहिते आहे. टपालाने हे पत्र जर्मनीला पोहोचेपर्यंत गुरुवार उलटून जाईल, तेव्हा बाबा पानांचे फोटो काढून तुला मोबाइलवर पाठवतील. फोटो काढताना ते सगळं वाचणार, हे मला ठाऊक आहे. वाचू देत.

गुरुवारी बायाच्या टपरीच्या जागेचा निकाल आहे. मी तुला मागितलं एवढंच होतं, की गेल्या वर्षी तुम्ही लोणावळ्याच्या पॉइंटवर केलेलं चित्रीकरण जसंच्या तसं, न कापता पाठव. त्यावर तुझं दोन ओळींचं उत्तर आलं. मूळ चित्रीकरण आमच्या संशोधन संस्थेच्या मालकीचं आहे, विचारून कळवतो; आणि शास्त्राचा सरकारी कागदांशी संबंध जोडणं बरोबर नाही. अरे, संबंध कुणी जोडला? ती बाई कणसं भाजत बसली होती. तिच्या शेगडीपाशी कॅमेरा घेऊन आपण गेलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त इथे हात तिने दाखवला नव्हता, आपण मागून घेतला होता.

तुझ्या निबंधात ती 'सहभागी क्रमांक चार' आहे. स्त्री, वय बेचाळीस, दृष्टिहीन. मी तो निबंध शब्दकोश घेऊन सव्वीसच्या सव्वीस पानं वाचला, त्यात तिचं नाव कुठे नाही. नाव न देण्याचा नियम असतो असं तू म्हणालास. असेल. पण संस्थेने जी तीन मिनिटांची फिल्म काढली तिच्यात चेहरा द्यायला कुठला नियम आडवा आला नाही. तेव्हा तुझी आणि तिची मीच पुन्हा ओळख करून देते. तिचं नाव बाया. लोणावळ्याच्या वरच्या डोंगरातली वाडी. विशीत, लेकीच्या, छकुलीच्या वेळी, बाळंतपणात तिला झटके आले. नवऱ्याने आणि दोन दिरांनी घोंगडीची झोळी करून खाली आणली, रस्त्याला लागेपर्यंत अडीच तास गेले. मूल वाचलं, बाया वाचली, नजर गेली. डोळे मात्र शाबूत. बुबुळं काळीभोर, आवाजाच्या दिशेने मान वळवून बोलली की अनोळखी माणसाला वाटावं ही आपल्याकडे बघते आहे. बिघाड मेंदूच्या मागच्या भागात, जिथे बघणं घडतं तिथे झाला, हे मला तूच कागदावर डोकं काढून समजावलं होतंस. नवरा दोन वर्षांत दुसरं घर करून निघून गेला. बायाने पोरीला वाढवलं ते पॉइंटवर मक्याची कणसं भाजून.

जागा तुला आठवत असेल. पायऱ्या संपल्या की उजव्या हाताला पहिली. अपंगांसाठी राखीव असलेली तिथली ती एकुलती एक जागा. एकवीस वर्षं ती तिथे बसते आहे. पायाखालचा खडक कुठे उंचवटा घेतो, दरीतला वारा कोणत्या गालाला लागला म्हणजे कठडा कुठे, पाण्याचा हंडा किती हातांवर, हे तिचं इतकं पाठ आहे की गिऱ्हाइकाला कळतही नाही. तिथून उचलून वीस पावलं पलीकडे नेऊन बसवा, की ती दगड चाचपत चालेल. म्हणजे त्या एका जागेवर ती धडधाकट आहे, आणि नेमकं त्याचमुळे ती जागा तिच्याकडून काढून घ्यायची चालली आहे. हे मी तीनदा लिहून बघितलं, तिन्ही वेळा संताप तेवढाच आला.

तुझ्या कामावर माझा राग आहे असं समजू नकोस. उलट तू ते पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी कणीक मळत होते आणि मळायची थांबले होते. आपल्याला वाटतं डोळे उघडे ठेवले की जग आपोआप आत येतं. तसं होत नाही. डोळा सारखा बारीक बारीक हलत असतो, आणि तो कशाने तरी अगदी स्थिर धरला तर समोरचं चित्र पुसट होत होत नाहीसं होतं. उंदीर मिशा हलवून भिंत ओळखतो, वटवाघूळ आवाज फेकून पतंग शोधतं. जाणणं ही करायची गोष्ट आहे, असं तू म्हणालास. मी म्हटलं, हे तर आमच्या भाषेत आधीपासून आहे, आम्ही चव घेऊन बघतो, वास घेऊन बघतो, हात लावून बघतो. तू हसून म्हणालास, आई, हे निबंधात घालायला हवं. घातलं नाहीस, ते सोड. लहानपणी तू फडताळातल्या सगळ्या डब्यांत हात घालायचास. तूरडाळ, हरभराडाळ, मसूर, डोळे मिटून सांगायचास, आणि मी आधी हात धुतलेस का म्हणून ओरडायचे. त्या ओरडण्यातून एवढं मोठं शास्त्र निघेल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर डाळी जरा महाग घेतल्या असत्या.

आणि बाया तुला मीच दाखवली. छकुली माझ्या वर्गात आठवी-नववीला होती, शाळा सुटल्यावर ती आईकडे जायची, तिच्यामुळे माझी ओळख. बायाचा हात मी किती वर्षं बघत आले होते. कणीस सोलायच्या आधी, हिरव्या पानांवरूनच अंगठा आणि दोन बोटं फिरवायची आणि सांगायची, हे कोवळं, हे निबर, ह्याला शेंड्याकडं दाणा न्हाई, ह्यात अळी हाय. सोलून बघावं तर तसंच. मी तुला फोनवर सांगितलं आणि तू पुढच्या श्रावणात दोन सहकारी, तारांचा हातमोजा आणि कॅमेरा घेऊन हजर. तीन आठवडे. तुला तिचं बोलणं कळायचं, पण तू कायम त्या तारांत गुंतलेला. बाकीच्या दोघांना मराठीचा गंध नाही. म्हणून मी दुभाषी. छत्री धरून प्लास्टिकच्या स्टुलावर रोज चार तास बसायचे आणि मनात फुगायचे, की मुलगा एवढा शिकला आणि आईचं मराठी त्याच्या उपयोगी पडतं आहे.

तो स्थिर हाताचा प्रयोग आठव. तू तिला हात टेबलावर नुसता ठेवायला सांगितलास आणि स्वतः एकेक कणीस तिच्या बोटांवर टेकवत गेलास. चाळीस कणसांपैकी निम्मीसुद्धा तिला सांगता आली नाहीत. पुढे तेच कणीस तिच्या ताब्यात दिलंस की दोन सेकंदांत उत्तर. तुम्ही तिघं टाळ्या वाजवत होतात आणि ती चिडली होती. 'असं हातावर ठिवून काय घावनार? माजा हात मला हलवू द्या की,' असं म्हणाली. तू मला विचारलंस, घावणार म्हणजे काय, आणि मी म्हटलं, काही नाही, गावाकडचा शब्द आहे, सापडणार. हे सगळं त्या चित्रीकरणात आहे. मला माहीत आहे, कारण लाल दिवा चालू होता.

मग मार्चमध्ये संस्थेची फिल्म आली. छान होती. दरी, धुकं, बायाचे हात, मागे ती बासरी कशासाठी होती कोण जाणे. शेवटी बाया कॅमेऱ्याकडे तोंड करून म्हणते, 'हात लावला की मला दिसतं. सगळं दिसतं.' खाली जर्मन आणि इंग्रजी अक्षरं. इथे आपल्या नातेवाइकांत मी ती फिरवली, मीच, अभिमानाने. मे महिन्यात कुणीतरी तिच्यातले शेवटचे अकरा सेकंद कापले, वर 'आंधळ्याचं सोंग' असं लिहिलं, आणि ते तळेगाव, देहूरोड, सोमाटणे, सगळीकडे फिरलं. भाजीवाल्याने मला दाखवलं. मला म्हणाला, 'बगा मॅडम, काय एकेक नाटकं असत्यात.' मी वांगी तिथेच ठेवून घरी आले.

जूनमध्ये निनावी अर्ज गेला आणि बायाला नोटीस आली. टपऱ्यांच्या जागा ठरवणाऱ्या समितीपुढे हजर व्हा. त्याआधी डोळे तपासून आणा. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहिलं, डोळ्यांत दोष नाही, बुबुळं उजेडाला प्रतिसाद देतात, आणि अशा प्रकारात गेलेली नजर क्वचित परतही येऊ शकते, मेंदूची तपासणी करून घ्यावी. त्या तपासणीची तारीख मिळाली आहे दिवाळीनंतरची. कणसांचा हंगाम आषाढ-श्रावणाचा, जागेचा निकाल या गुरुवारी, आणि तपासणी दिवाळीनंतर. वरातीमागून घोडं आलं तर निदान वाजंत्री तरी ऐकू येतात, इथे तेही नाही. बायाकडे बावीस वर्षांपूर्वीचा दवाखान्याचा कागद आहे, त्यावर सगळं लिहिलेलं आहे. समितीचं म्हणणं, तेव्हा गेली असेल हो नजर, आता आलेली दिसते, बाई स्वतःच सांगतात.

पहिल्या सुनावणीला मी तिच्याबरोबर गेले होते, हे तुला बाबांनी सांगितलं असेलच. काय झालं ते मात्र कुणी सांगितलं नसेल, कारण मी घरी येऊन कुणाशी बोलले नाही. चार माणसं टेबलामागे. एकाने पंजा वर करून विचारलं, किती बोटं? बाया म्हणाली, 'तुमी सांगा सायेब, तुमची हायेत.' हसले सगळे. मग त्यातल्या एकाने, खुणेने, शिपायाला सांगून दारापर्यंतच्या वाटेत खुर्ची आणून ठेववली आणि तिला म्हटलं, बाई, जरा दाराबाहेर जाऊन या. मला ओरडायचं होतं. ती उठली, चालली, आणि खुर्चीच्या एक पाऊल अलीकडे थांबून हात पुढे केला. टेबलामागे एकमेकांकडे बघून माना हलल्या. 'वडल्याचा आवाज झाला की, सायेब,' ती म्हणाली, 'फरशीवर खुर्ची वडली तुमी.' ते त्यांनी लिहून घेतलं नाही. थांबली, एवढंच लिहून घेतलं. धडपडली असती तर खरी, न धडपडली तर लबाड. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, पण इथे चोर कोण हेही कुणी शोधत नव्हतं.

मग त्यांनी मोबाइलवर ते अकरा सेकंद लावले. 'हात लावला की मला दिसतं. सगळं दिसतं.' अध्यक्षांनी विचारलं, हा आवाज तुमचाच ना? व्हय. हे शब्द तुमचेच ना? मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर होते, तिचा पदर माझ्या कोपराला लागत होता. मग ती म्हणाली, 'माज्याच तोंडातनं गेलं, सायेब.' त्यांनी पुन्हा विचारलं, दिसत नसताना असं कशाला म्हणालात? 'गेलं बोलून,' ती म्हणाली. पुढची तारीख मिळाली. जिना उतरताना मी तिचा हात धरायला गेले तर ती म्हणाली, 'बाई, तुमी कठडा धरा, तुमचे गुडगे दुकत्यात.'

निलेशचं नाव घेऊन तू मला समजावू पाहतोस, की ही त्या शेजारच्या टपरीवाल्याची खेळी आहे, स्थानिक राजकारण आहे, फिल्म नसती तरी त्याने दुसरं काही काढलं असतं. मलाही तसंच वाटत होतं, म्हणून मी त्याला जाऊन गाठलं. त्याने अर्ज केलेला नाही. छत्रीखाली उभा राहून त्याने आईची शपथ घेतली. पण जागा मिळाली तर घेणार का, म्हटल्यावर खाली बघत म्हणाला, 'मॅडम, धा वर्सं मी तिचं पानी भरलंय. पर तिला दिसत असंल तर मी कशापायी भरत हुतो?' त्याला फसवलं गेल्यासारखं वाटतं आहे, श्रीयश. खोटं बोलणाऱ्या माणसाबद्दलची चीड त्याच्या तोंडावर होती, आणि ती खरी होती. हंडा तो आता भरत नाही. बाया स्वतः नळापर्यंत जाते, आणि ती जाते हे बघून लोक म्हणतात, बघा.

छकुली चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. परवा सुट्टी घेऊन माझ्याकडे आली होती. सोफ्यावर बसली नाही, चहा घेतला नाही. म्हणाली, 'बाई, आईनं असं कशाला म्हणावं? तिला मी जलमल्यापासनं वळकते, ती दिसतं म्हनतच न्हाई. घरात आमी चुकून बग म्हनलो तरी ती म्हनती, बगू नगं, चाचप. तिला इचारलं तर गप बसती. तुमी तितं हुता ना, बाई? तुमाला तरी ठावं आसंल.' ही तीच मुलगी. आठवीत असताना 'न्हाई' म्हणाली की मी तिला दहा वेळा 'नाही' लिहायला लावत असे. आता मी तिला पाणी दिलं आणि काहीतरी बोलले, आठवत नाही काय. ती गेल्यावर बाबा आतून म्हणाले, चंद्रिका, कशाला गळ्यात घेतेस, होईल ते होईल. त्यांच्यावर मी आयुष्यात इतकी ओरडले नव्हते.

आता हे वाच, आणि बाबा, तुम्हीही फोटो काढायचे थांबून वाचा. चित्रीकरणाच्या त्या शेवटच्या दिवशी, श्रीयश, तू तिला म्हणालास, चार शब्द सांगा, तुम्हाला कणीस कसं कळतं. ती म्हणाली, 'हात लावला की हाताला घावतं. समदं घावतं.' सरळ, एका दमात. तुझी मान हलली, तुला पुरेसं होतं. मी मध्ये बोलले. एकतीस वर्षं लाल शाईचं पेन वापरलेल्या बाईला गप्प बसवेना. म्हटलं, घावतं नको गं बाया, पुण्यामुंबईच्या माणसाला ते घाव वाटेल, जखम वाटेल. 'दिसतं' म्हण. आणि 'समदं' नको, 'सगळं दिसतं' म्हण, ऐकायला छान वाटेल. ती म्हणाली, 'पर बाई, मला दिसत न्हाई की.' आणि मी, तुझी आई, मराठीची आदर्श शिक्षिका, जिची दोन सन्मानचिन्हं काचेच्या कपाटात आहेत, मी तिला म्हटलं, अगं, तशी बोलायची पद्धत असते, म्हण तू. पोरीच्या बाई म्हणतात म्हणून तिने म्हटलं. दोनदा म्हणवून घेतलं मी, पहिल्यांदा 'सगळं' नीट आलं नव्हतं.

त्या सुनावणीहून आले त्या दिवसापासून मी तो एकच शब्द तोंडात घोळवते आहे. घावतं. शोधलं म्हणून सापडतं, हात घातला म्हणून मिळतं; जो नुसता बसून राहील त्याला काही घावत नाही. तू सव्वीस पानांत जे सिद्ध केलंस ते तिने तीन अक्षरांत सांगितलं होतं, आणि ते शास्त्राला धरून होतं, आणि ते खरं होतं. मी ते खोडून तिथे खोटं घातलं, कारण खोटं शुद्ध होतं. किती मुलांचं काय काय खोडलं असेल मी, ते आता मोजता यायचं नाही. आणि ती टेबलापुढे बसून म्हणाली, माज्याच तोंडातनं गेलं. एक शब्द बोलली असती, बाईंनी म्हणायला लावलं, तर सुटली असती. मी शेजारी बसून तो शब्द ऐकायची वाट पाहत होते, आणि तो आला नाही तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. सगळा राग तुझ्यावर काढला या पत्रात, थोडा तुझ्या वाट्याचा आहेही. पण ते हायसं वाटणं माझं आहे आणि त्याने मला दहा दिवस जेवण गेलेलं नाही.

तू काल रात्री बाबांना वेगळा मेसेज केलास, तोही मी वाचला. आईला सांगू नका म्हणून लिहिलं होतंस. संस्थेची परवानगी तुला केव्हाच मिळाली आहे, चित्रीकरण तुझ्याकडे तयार आहे, तू थांबला आहेस तो माझ्यासाठी. माझा आवाज काढून टाकून बायाचं तेवढं वाक्य ठेवता येतं का, ते बघतो आहेस, म्हणजे आईचं नाव कुठे यायचं नाही. पोरा, मी सुद्धा दुसऱ्या कुणासाठी हेच केलं असतं, म्हणून तुला शिव्या देत नाही. पण ऐक. माझा आवाज काढलास तर 'मला दिसत न्हाई की' हे ती कुणाला म्हणते आहे ते कुणाला कळणार नाही, आणि कापाकापी झाली आहे एवढं मात्र त्या चार माणसांना बरोबर कळेल. मी छकुलीला आज संध्याकाळी बोलावलं आहे, तिला आधी सांगणार आहे. गुरुवारी समितीपुढे उभी राहून मी सगळं बोलणार आहे, तू पाठव अगर न पाठव. पण मी नुसती बोलले तर म्हणतील, म्हातारी मास्तरीण ओळखीच्या बाईला वाचवते आहे. बायाच्या बाजूने बोलणारा साक्षीदार एकच आहे, आणि तो तुझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठव, बुधवारच्या आत. माझा आवाज कापू नकोस.

तुझीच,
आई